दारूखान्याची कुळकथा

कोल्हापूरच्या गादीचे अमात्य रामचंद्रपंत बावडेकर यांचं 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचं. आरमारासाठी झाडं तोडताना रयतेला दुखवू नका, हा त्यातला उतारा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच ग्रंथात दारूखान्याविषयी चार ओळी आहेत, तिकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. माझं सगळं प्रकरण त्या चार ओळींपासून सुरू होतं.

पंतांचं म्हणणं आजच्या मराठीत सांगायचं तर असं: दारूखाना घरांजवळ नको, घरांच्या वाऱ्याखालीही नको. सदरेपासून अंतर राखून बांधावा, भोवती दाट कुंपण घालावं. आत तळघर, तळघराला चुनेगच्ची, वर माच आणि माचावर दारूची मडकी. ओल लागू द्यायची नाही. आठपंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन माल बाहेर काढायचा, ऊन दाखवायचं, परत आत ठेवून मुद्रा करायची. रात्रंदिवस जागता पहारा, आणि परवानगीशिवाय आसपास कुणी फिरकता कामा नये.

आता शिरोळ, कागल, वारणानगर या बाजूला साखर कारखान्यांच्या जोडीनं ज्या डिस्टिलऱ्या आहेत, तिथलं स्पिरिटच्या टाक्यांचं आवार डोळ्यांपुढे आणा. बॉयलरपासून आणि वस्तीपासून अंतर. तारेचं कुंपण. टाक्यांभोवती बांध, तोही असा की सर्वांत मोठी टाकी फुटली तरी तिच्यातलं सगळं आतच मावेल. फाटकावर काडेपेटी आणि मोबाईल काढून ठेवायचे. तपासणीची नोंदवही. उत्पादन शुल्क खात्याचं सील. पंतांना आज तिथं उभं केलं, तर त्यांना फारसं काही समजावून सांगावं लागणार नाही. हवालदाराच्या मुद्रेच्या जागी सील आलं, एवढाच काय तो फरक. म्हणून माझा दावा असा, की पेट घेणारं सॉल्व्हंट साठवायची आपली सारी रीत बंदुकीच्या दारूच्या कोठाराच्या पोटी जन्मली आहे. कोल्हापुरात तर शब्दसुद्धा बदलावा लागला नाही. तीही दारूच आणि हीही दारूच.

पण हा एकच शब्द दोन्हींना चिकटला कसा? फारसीत 'दारू' म्हणजे औषध. 'दवादारू' म्हणताना तो अर्थ आपण आजही वापरतो. औषधाचं पेय कसं झालं हे सांगायला पंडित नको, पिणाऱ्यांनी ती सोय केव्हाच करून घेतली असणार. खरा पेच तोफेच्या दारूचा. गंधक, सोरा आणि कोळसा यांच्या काळ्या भुकटीला औषध कोण म्हणेल?

चिनी म्हणतात. चिनी भाषेत तिचं नाव 'हुओयाओ', म्हणजे आगीचं औषध. नवव्या शतकात ताओपंथी किमयागार आयुष्य वाढवणाऱ्या औषधांच्या खटपटीत होते आणि त्या खटपटीतच हे मिश्रण हाती आलं, असं चिनी विज्ञानाचा इतिहास लिहिणारे मानतात. पुढे तेराव्या शतकात सीरियातल्या हसन अल-रम्माह यानं अरबीत युद्धातल्या आगीच्या प्रयोगांवर ग्रंथ लिहिला. त्या काळच्या अरबी लिखाणात या मिश्रणाला 'दवा' म्हटलेलं आढळतं. दवाचा फारसी प्रतिशब्द दारू. चिनी याओ, अरबी दवा, फारसी दारू, मराठी दारू. चारही ठिकाणी औषधच. माल प्रवास करत गेला आणि प्रत्येक मुक्कामी त्याच्या नावाचा तर्जुमा होत गेला, असं मी मानतो.

याला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला संस्कृतवाल्यांचा. 'दारु' म्हणजे लाकूड, दारूत लाकडाचा कोळसा असतो, म्हणून दारू. हे ऐकायला छान आहे, पण लंगडं आहे. मिश्रणात सर्वांत जास्त सोरा असतो, आणि नाव मात्र कोळशावरून ठेवायचं? शिवाय देवदारातला दारु तोफेपर्यंत पोहोचल्याचा मधला एकही टप्पा कुणी दाखवत नाही. गंमत अशी की फारसी 'दारू'चं मूळही झाडपाल्यात, म्हणजे संस्कृत दारुच्याच जुन्या इराणी भावंडात असावं, असं काही भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. म्हणजे समोरच्या दारानं हाकललेला पाहुणा परसातून आत येतो. येऊ दे. तो हजारो वर्षांपूर्वीचा सोयरा आहे, तोफेशी त्याचा संबंध नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी जास्त तगडा: 'बारूद'. हा शब्द आधी सोऱ्यासाठी होता, मग सगळ्या मिश्रणाला लागला. हिंदीनं तो उचलला. मराठीनं मात्र दारूगोळा, दारूखाना, शोभेची दारू असा संसार थाटला. असं का? माझं उत्तर दख्खनच्या सुलतानांकडे बोट दाखवतं. इथल्या दरबारांची फारसी थेट समुद्रमार्गे इराणातून ताजी येत होती, तोफखान्याची परिभाषा तिच्याबरोबर उतरली. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो मीच घेतो. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली ती मुहम्मद बिन हसन रूमी यानं. रूमी म्हणजे तुर्की मुलखातला, आणि तुर्क लोक 'बारूत' म्हणतात. म्हणजे दख्खनचा सर्वांत नामांकित ओतारी माझ्याविरुद्ध साक्ष देतो. तरीही मी दारूवर ठाम आहे. तोफ ओतणारा परदेशी असला, तरी कोठारातल्या मालाची यादी करणारा कारकून फारसी लिहिणाराच होता.

दोन्ही दारूंची गाठ युरोपातही पडली होती. स्पिरिट किती कडक आहे हे पाहायला बंदुकीच्या दारूवर ते ओतून काडी लावत, असं सांगतात. भुकटीनं पेट घेतला तर माल खरा, भिजून विझली तर पाणी घातलेलं. त्यावरून आलं 'प्रूफ'. ब्रिटनमध्ये १८१६ साली साइक्सच्या हायड्रोमीटरनं त्याला नेमकं माप दिलं. त्या मापानं प्रूफ स्पिरिट म्हणजे आकारमानानं सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. आपल्या उत्पादन शुल्काचा हिशेब 'प्रूफ लिटर'मध्ये होतो तो त्या परंपरेनं. देशी बाटलीवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा छापलेला असतो ना? प्रूफपेक्षा पंचवीस अंशांनी खाली, म्हणजे ५७.१ चे तीन चतुर्थांश. कारखान्याच्या टाकीवर आजही काळ्या दारूचं माप चालतं, फक्त कुणाला ते आठवत नाही.

कायद्याचं कुळ तर दफ्तरीच नोंदलेलं आहे. भारतीय स्फोटक कायदा १८८४ चा. स्फोटक खातं १८९८ पासून. पेट्रोलियम कायदा १९३४ चा, आणि त्याचा कारभार आला त्याच स्फोटक खात्याकडे. आज त्याला 'पेसो' म्हणतात, मुख्यालय नागपूरला. टोल्युइन, हेक्झेन यांचा मोठा साठा करायचा तर परवाना त्याच दारातून. २३ अंश सेल्सिअसच्या खाली ज्याची वाफ ठिणगीनं पेटते तो माल 'अ' वर्गात, हे २००२ च्या नियमांत आहे. इथे कुणी म्हणेल, मग हे कुळ विलायतेचं झालं, पंतांचं कुठे? बरोबर आहे. १६५४ साली डेल्फ्टचं कोठार उडून शहराचा मोठा भाग बेचिराख झाला, १७६९ मध्ये ब्रेशियाच्या कोठारावर वीज पडली, तेव्हा युरोप जागा झाला. १७७२ मध्ये पर्फ्लीटच्या कोठाराला विजेपासून वाचवायला नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन होता. टाकीला आणि टँकरला अर्थिंग करण्याची आपली सवय त्या घराण्यातली. पंतांच्या आज्ञेवरून नागपूरला फाईल गेली नाही हे मला मान्य आहे. पण पन्हाळ्यात आणि पर्फ्लीटमध्ये एकाच मालानं माणसांना एकच धडा दिला, हेही खरं.

एका मुद्द्यावर मात्र पंत आज नापास होतील. तळघर. काळ्या दारूला वाफ नाही, तिला तळघर मानवतं. मद्यार्काची वाफ हवेच्या दीडपटीहून जड, ती खड्ड्यात, गटारात, तळघरात जाऊन बसते आणि ठिणगीची वाट पाहते. वाऱ्याचा नियमही उलटतो. तेव्हा चुलीची ठिणगी कोठाराकडे येईल ही भीती होती, आता टाकीची वाफ चुलीकडे जाईल ही आहे. त्यातून आपली हवा वाईट. पेट्रोलच्या बंद टाकीत पृष्ठभागावर वाफ इतकी दाट असते की सहसा पेटत नाही. इथेनॉलच्या टाकीतली वाफ मात्र साधारण १३ ते ४२ अंशांच्या दरम्यान पेटण्याजोगी असते. कोल्हापूरचं जवळजवळ सगळं वर्ष त्यातच जातं. म्हणून श्वासझडपेवर ज्योतरोधक जाळी लागते, आणि आग लागलीच तर साधा फेस उपयोगी पडत नाही. मद्यार्क तो फेस विरघळवून टाकतो, त्याला वेगळा फेस ठेवावा लागतो.

भांड्याचा भाग सर्वांत मजेचा, कारण तिथं सगळं उलटंपालटं होतं. काळ्या दारूजवळ लोखंड वर्ज्य, ठिणगीच्या भयानं. पंतांकडे मडकी, युरोपात लाकडी पिंपं आणि तांब्याच्या पट्ट्या. स्पिरिटची टाकी मात्र सरळ पोलादाची. उलट तोफेच्या दारूला निर्धास्त चालणारं पितळ इंधनाच्या इथेनॉलला चालत नाही. त्याच्या जोडण्यांत पितळ, जस्त, शिसं, ॲल्युमिनियम टाळतात. ओलीचं तर विचारूच नका. आपल्या शेजारच्या मिरजेत २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक प्रकल्प झाला, २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आलं, आणि कारखान्यांत साध्या स्पिरिटऐवजी साडेनव्याण्णव टक्क्यांहून शुद्ध, कोरडं इथेनॉल साठवणं आलं. ते हवेतलं पाणी ओढतं म्हणून ओल शत्रू. पण त्याच सुमारास अमेरिकेत आढळलं की असं कोरडं इथेनॉल ताणाखालच्या पोलादाला, विशेषतः वेल्डिंगजवळ, बारीक तडे पाडतं. त्याला विरघळलेला ऑक्सिजन साथ देतो, आणि पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असलं की हा रोग जवळजवळ होत नाही. म्हणजे जुन्या स्पिरिटमधलं जे पाणी आपण काढून टाकलं, तेच टाकीचं रक्षण करत होतं.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना मद्यार्क आणि आग यांचं नातं परकं नाही. साच्याला अल्कोहोलचं कोटिंग मारून ते पेटवायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. त्यांनी एवढं पाहावं की कोटिंगचं बॅरल पेटवण्याच्या जागेपासून दूर आहे आणि ओतताना बॅरल व बादली तारेनं जोडून अर्थ केलेली आहे. मशीनशॉपमध्ये क्लोरीन असलेलं ग्रीस काढायचं सॉल्व्हंट ॲल्युमिनियमच्या डब्यात भरू नये, त्यातून आम्ल सुटतं आणि क्रिया आपोआप वेग घेते. ॲसिटोनला पीव्हीसीचा पाइप लावू नये, तो मऊ पडून सुटतो.

आणि मोडी वाचणाऱ्यांना एक विनंती. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दफ्तर आहे. त्यात पन्हाळ्याच्या किंवा विशाळगडाच्या दारूखान्याची झडती हाती लागली, तर दारू कशात ठेवली होती तेवढं टिपून कळवा: मातीची मडकी, लाकडी पिंपं की तांब्याची भांडी.