नागपूरच्या दोन संस्था आणि आपली मुले

अमेरिकेवर 11 सप्टेंबर 2001 रोजी हल्ला झाला आणि ‘होमलँड सिक्युरिटी’ हा शब्द जगभर पसरला. तिकडे 22 सरकारी कार्यालये एकत्र करून त्या नावाचे स्वतंत्र खाते उभे राहिले, 1 मार्च 2003 पासून त्याचा कारभार सुरू झाला. पाठोपाठ विद्यापीठांत या विषयाच्या पदव्याही आल्या. आता आपली मुलेही या अभ्यासाबद्दल विचारू लागली आहेत. शब्द नवा आहे, विद्या नवी नाही. आणि ती शिकवणारे शहर आपल्या नांदुऱ्याच्याच रेल्वेमार्गावर आहे.

थोडे मागे जाऊ. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. कापूस आणि ठिणगी यांचे नाते वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायला नको. स्फोटांत शेकडो माणसे गेली, त्यांत आग विझवायला धावलेले 66 अग्निशामक होते. 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. त्यांच्या धैर्यात काहीच उणे नव्हते. पण कशाला आग लागली आहे, हाताशी वेळ किती, माणसे मागे कधी घ्यायची, हे नुसत्या धैर्याने कळत नाही. त्याला शास्त्र लागते.

6 डिसेंबर 1946 रोजी मुंबईत होमगार्ड संघटना सुरू झाली. आपला बुलडाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. त्या प्रांतानेही 1947 मध्ये होमगार्डचा कायदा केला. पुढे 1957 हे वर्ष महत्त्वाचे ठरले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय रामपूरहून नागपूरला आले आणि त्याच वर्षी तिथे आपत्कालीन मदतकार्य शिकवणारी केंद्रीय संस्थाही निघाली. 1968 मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला आणि ही दुसरी संस्था राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. आता ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत सामावली आहे. म्हणजे अमेरिकेच्या त्या खात्याआधी पंचेचाळीस वर्षे हे शिक्षण विदर्भात चालू होते!

आज वाटा पुष्कळ आहेत. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी नागपूरच्या त्या महाविद्यालयात अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी आहे. महापालिका, तेलशुद्धीकरण कारखाने, विमानतळ, औद्योगिक वसाहती अशा सगळ्यांना अशी माणसे लागतात. रसायन-जीवशास्त्राची आवड असेल तर नागपूर, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. कला शाखेच्या मुलांनीही खट्टू होऊ नये. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापन शिकवतात. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत असिस्टंट कमांडंट होण्यासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा देता येते. प्रवेशाचे आणि वयाचे नियम बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचावी.

हे सांगावेसे वाटते त्याला कारण आहे. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पोरे भरतीसाठी धावताना दिसतात. त्यांच्या कष्टाचे मोल मी जाणतो. पण जागा थोड्या, धावणारे फार. एखाद्या सेंटिमीटरने किंवा दोन-चार गुणांनी मुलगा मागे पडतो, पुन्हा धावतो, आणि बघता बघता वय निघून जाते. मग तो स्वतःला नालायक समजू लागतो. त्याला कोणी सांगितलेलेच नसते की देश राखायला छाती आणि उंची जशी लागते, तसे आग ओळखणारे, पुरावा वाचणारे, नकाशा मांडणारे डोकेही लागते.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला जिवंत पकडून दिले. त्यानंतर न्यायालयात त्याचा गुन्हा सिद्ध झाला तो पुराव्यांच्या बळावर. शौर्याइतकीच त्या अभ्यासू कामाचीही गरज होती.

दहावी-बारावीच्या पालकांना एवढीच विनंती की मुलाला धावू द्या, पण त्याच्या हाती पुस्तकही असू द्या. एकदा त्याला घेऊन नागपूरला जाऊन या.