धोट्याला लागलेली थुंकी

राज्य चालवायला रोज लाठी लागत नाही. लाठी महाग पडते. पोलीस पोसावे लागतात, गोळीबार झाला की चौकशी नेमावी लागते. त्यापेक्षा माणसाच्या डोक्यातच मुकादम बसवला की काम फुकटात होतं. इटलीच्या ग्रामचीने मुसोलिनीच्या तुरुंगात वह्याच्या वह्या भरल्या, त्यात हा विचार मोठा आहे. १९२६ साली त्याला धरला, १९३७ साली तो मेला. पण दोस्तहो, आपल्या जोतीबांनी १८७३ सालीच 'गुलामगिरी'त अवतारांच्या गोष्टी उलट्या करून दाखवल्या होत्या. शूद्रातिशूद्र ज्या कथा ऐकून हात जोडत होते, त्या त्यांच्याच पराभवाच्या कथा होत्या.

मी सूतखात्यातला माणूस. दाखला गिरणीतलाच देतो.

मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं रिंग खात्यात चालत, साचे खात्यात नाही. साच्यावर पगार जास्त, म्हणून तिथे दार बंद. कारण काय, तर धोटा. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि भोकाला तोंड लावून सुताचं टोक श्वासाने ओढून काढायचा. उद्या तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला. मग महाराची थुंकी मराठ्याच्या तोंडात कशी चालेल? झालं, खातंच बाटलं!

असा सरकारी कायदा नव्हता. मालक काही स्वतः धोटा चोखत नव्हता. पहारा कोण करत होता? कामगार. कर्ज त्याच्याही डोक्यावर, शिव्या जॉबरच्या त्यालाही, चाळीतल्या खोलीत कोंबलेला तोही. पण साच्यापाशी उभा राहिला की तो स्वतःला वरचा समजायचा. मालकाला यासाठी एक पैसा खर्च आला नाही.

लँकेशायरच्या गिरण्यांतही धोटा तोंडानेच ओढत. तिथे ओरड झाली ती रोगाची. हाताने ओवायचे धोटे निघाले, आणि तोंडाचा धोटा बंद करायचा नियम ब्रिटनमध्ये १९५२ साली झाला. उशिराच, पण भांडण रोगाशी होतं. आपल्याकडे थुंकीत जंतू दिसला नाही, जात दिसली.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. चार महिन्यांनी, एप्रिल १९२८ ला, मुंबईच्या दीडेक लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सहा महिने चालला. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, अस्पृश्यांना सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे ही मागणी घाला, नाहीतर आमची माणसं संपात धरू नका. पुढाऱ्यांनी कुरकुरत ती घातली. मालकांचं उत्तर काय? हा अन्याय असलाच तर तो आमचा नाही. आणि साल्यांचं म्हणणं एका अर्थी खरंच होतं! मनूने लिहिलं, कामगाराने पाळलं, नफा मालकाच्या तिजोरीत. मनुस्मृती महाडला जळली, साच्यापाशी ती अजून जिवंत होती.

आपल्यातले काही पोरं म्हणतात, मार्क्स परका, सोडा. लाल झेंड्याचे काही कॉम्रेड म्हणतात, आधी रोटी, जात मागून आपोआप जाईल. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ ला मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध ते कम्युनिस्टांबरोबर संपात उतरले. म्हणजे भांडलेही, आणि बरोबरही गेले. हे दोन्ही एकदम डोक्यात ठेवायला आपल्या माणसांना जड का जातं, कळत नाही.

आता बिनधोट्याचे लूम आले. थुंकीची सबब गेली. २०१३ ला हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्ध कायदा झाला, तरी गटारात उतरून गुदमरणाऱ्याची जात विचारावी लागत नाही.

एक काम सांगतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, जागेवर टॉवर उठले, म्हातारे भराभर चाललेत. तुमच्या वस्तीत साचे खात्यात पहिल्यांदा शिरलेला कोणी असेल, नाहीतर त्याचा पोरगा असेल. त्याच्याकडे वही घेऊन बसा. पहिल्या दिवशी शेजारच्या साच्यावरचा काय बोलला, धोटा कोणी हातात दिला, पाणी कुठे प्यायलं, सगळं त्याच्याच शब्दांत उतरवा आणि इकडे पाठवा.