म्हातारपण, मरण आणि न विचारलेला प्रश्न

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीची जेवणे उरकल्यावर वडिलांनी कपाटातली एक जुनी फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "बँकेची कागदपत्रं यात आहेत. आणि एक सांगून ठेवतो, माझी वेळ येईल तेव्हा..." त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत मी म्हणालो, "बाबा, काहीतरीच काय बोलता? तुम्ही चांगली शंभरी गाठणार आहात." वडील काही बोलले नाहीत. फाईल पुन्हा कपाटात गेली.

प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने निरीक्षण घेण्याआधीच निष्कर्ष लिहून टाकला, तर मी त्याची कानउघाडणी करतो. घरी मी तेच केले होते. मरण जवळ आले की भीती वाढते आणि तो विषय काढला की म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो, हे मी गृहीत धरले होते. हे गृहीत तपासून पाहायला विज्ञानालाही बराच काळ लागला. त्याचीच ही हकीकत.

एक धाडसी तर्क

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे एली मेचनिकॉफ आपल्याला ठाऊक आहेत ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात या शोधासाठी. त्याबद्दल १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९०३ साली मानवी स्वभावावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी दोन नव्या शास्त्रांची नावे सुचवली : जेराँटॉलॉजी, म्हणजे वार्धक्याचे शास्त्र, आणि थॅनॅटॉलॉजी, म्हणजे मृत्यूचे शास्त्र.

त्यांचा तर्क असा होता. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री झोप हवीशी वाटते. त्याचप्रमाणे पूर्ण आयुष्य निरोगीपणे जगलेल्या माणसाला अखेरीस मरण हवेसे वाटायला हवे. आपल्याला ते नकोसे वाटते, कारण बहुतेक माणसे आजारपणाने अकाली मरतात. पुराव्यादाखल मात्र त्यांच्याकडे मोजकीच उदाहरणे होती. त्यांतले एक होते ब्रिया-सावारँ या फ्रेंच लेखकाने नोंदवलेले, नव्वदी ओलांडलेल्या एका नातलग बाईचे. झोपेची गरज वाटते तशी या वयात मरणाची वाटते, असे तिने सांगितले होते.

हा तर्क मांडणारा माणूस स्वतः काय भोगून आला होता, हेही पाहायला हवे. १८७३ साली पहिली पत्नी क्षयाने गेल्यावर मेचनिकॉफ यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता आणि १८८१ साली पुन्हा एकदा. उतारवयात हृदयविकार जडल्यावर ते मरणाविषयीच्या स्वतःच्या भावना टिपून ठेवत असत. १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते वारले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत. पण एका माणसाची टिपणे आणि एका बाईचे बोल एवढ्यावर नियम सिद्ध होत नाही. त्यासाठी अनेकांना विचारायला हवे होते.

प्रश्नावली आली

ते काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी केले. क्लार्क विद्यापीठाच्या अध्यक्षपदावरून १९२० साली निवृत्त झाल्यावर त्यांनी वार्धक्यावर ग्रंथ लिहायला घेतला आणि वयस्क मंडळींना प्रश्नावली पाठवली. त्यात मरणाविषयीही विचारले होते. १९२२ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हातारी माणसे सतत मरणाच्या धास्तीत असतात, हे चित्र उत्तरांतून दिसले नाही. अर्थात उत्तरे देणारे बहुतेक सुशिक्षित आणि सुस्थितीतले होते. नमुना असा एकांगी असला की निष्कर्ष जपूनच काढावा लागतो.

यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला. त्याला पुन्हा उजेडात आणले हर्मन फायफेल यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते टिनियन बेटावर होते. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे विमान तिथून उडताना त्यांनी पाहिले होते. पुढे लॉस एंजेलिसमध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करताना त्यांनी रुग्णांशी मरणाविषयी बोलायचे ठरवले, तेव्हा अडथळा आला तो डॉक्टर आणि अधिकाऱ्यांचा. रुग्णांसमोर हा शब्दही काढू नये, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णांचा अनुभव उलट निघाला. अनेकांना बोलायला कोणीतरी हवेच होते. १९५६ साली फायफेल यांनी शिकागोत मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात या विषयावर परिसंवाद घडवून आणला. त्यातूनच १९५९ साली त्यांनी संपादित केलेला ग्रंथ निघाला.

पुढे मोजमाप सुरू झाले. १९७० साली डोनाल्ड टेंपलर यांनी 'बरोबर की चूक' अशा पंधरा विधानांची मृत्युभय-मापनश्रेणी तयार केली. पण मोजायचे नेमके काय? कोलेट आणि लेस्टर यांनी १९६९ सालीच एक महत्त्वाचा भेद केला होता. मरण आणि मरणाची प्रक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय दोन्हींबाबत स्वतःविषयीची भीती वेगळी आणि जिवलगांविषयीची वेगळी. चारही गोष्टी एकाच प्रश्नात कोंबल्या तर उत्तराचा अर्थ लागत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

आकडे काय म्हणतात?

१९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेंगटसन आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या ४५ ते ७४ वयाच्या १,२६९ लोकांना विचारले. मरणाची भीती सर्वांत जास्त आढळली ती ४५ ते ५४ या गटात आणि सर्वांत कमी ६५ ते ७४ या गटात. हा लेख लिहिणारा पहिल्या गटात बसतो, हे नमूद करायला हवे!

इथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. यावरून 'वय वाढले की भीती कमी होते' असे म्हणता येईल का? नाही. एकाच वेळी वेगवेगळ्या वयाची माणसे घेतली, तर फरक वयाचा की पिढीचा हे कळत नाही. त्यातला वडीलधारा गट साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेला. दोन महायुद्धे आणि मंदी पाहिलेली ती पिढी होती. खात्री करायची तर त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा विचारावे लागेल.

१९९९ साली फॉर्टनर आणि नाइमायर यांनी वृद्धांवरच्या ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एकदा वार्धक्यात शिरल्यावर वय साठ आहे की ऐंशी, यावरून भीतीचा अंदाज बांधता येत नाही, असे दिसले. धार्मिकतेवरूनही नाही. ज्यांना शारीरिक व्याधी आणि मानसिक त्रास जास्त, त्यांच्यात भीती जास्त होती. जगलेल्या आयुष्याविषयी ज्यांना समाधान, त्यांच्यात ती कमी होती. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरी तो एका जुन्या निरीक्षणाशी जुळतो. म्हातारी माणसे जुन्या आठवणी उगाळतात याला लोक बुद्धी चळल्याचे लक्षण समजत. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली सुचवले की, ही आयुष्याचा ताळा मांडण्याची स्वाभाविक क्रिया आहे.

भीती कशाची?

व्याधी आणि भीती यांचा संबंध असेल, तर वेदना कमी करणे हे पहिले काम ठरते. लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी ते हाती घेतले. १९४८ साली कॅन्सरने मरण पावलेल्या डेव्हिड टास्मा या निर्वासित रुग्णाने त्यांना ५०० पौंड दिले होते. त्या रकमेपासून सुरू झालेला प्रवास १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपर्यंत पोचला. वेदना उसळण्याची वाट न पाहता मॉर्फीन ठरावीक वेळाने द्यावे, ही तिथली पद्धत जगभर पसरली. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे गरजू रुग्णांनाही मॉर्फीन मिळणे अवघड झाले. त्या कायद्यात सुधारणा व्हायला २०१४ साल उजाडले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२३ साली त्याची किचकट पद्धत सोपी केली.

अधिकार मिळाला, पण तो वापरायचा तर घरात कोणीतरी ऐकून घ्यायला हवे. हे सगळे वाचल्यावर एका रविवारी मी स्वतःच ती फाईल काढली आणि वडिलांना म्हणालो, "त्या दिवशी तुमचं बोलणं अर्धंच राहिलं होतं." ते तासभर बोलले. मरणाची भीती नाही म्हणाले. अंथरुणाला खिळून, नळ्या लावलेल्या अवस्थेत दुसऱ्यांवर भार होऊन पडण्याची आहे. मग आईच्या अखेरच्या दिवसांविषयी बोलले. त्यातले बरेच मला ठाऊकच नव्हते.

मुलांच्या हाती मृत्युभयाची प्रश्नावली देऊन त्यांना घरी पाठवावे, असे मी सुचवणार नाही. आजी-आजोबांच्या जुन्या आठवणी लिहून आणायला मात्र जरूर सांगावे. बोलण्याच्या ओघात मरणाचा विषय निघाला, तर तो न तोडता ऐकावा, एवढे त्यांना आधी सांगून ठेवावे. निरीक्षण पुरे होईपर्यंत निष्कर्ष लिहायचा नाही, हा आपलाच नियम आहे.