मुकी झालेली बंदूक
बंदुकीचें आयुष्य पोलादापेक्षां काडतुसावर अधिक अवलंबून असतें. १८६० सालीं अमेरिकेंत बेंजामिन टायलर हेन्री यानें तरफेच्या रायफलीचें पेटंट मिळविलें. तरफ खालीं ढकलून वर ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर आणि नवें आंत! हींच काडतुसें घेणाऱ्या विंचेस्टर रायफली १८७७ मध्यें प्लेव्हनाच्या वेढ्यांत तुर्कांनीं रशियनांवर चालविल्या. परंतु या काडतुसाचें स्फोटक द्रव्य त्याच्या काठांत भरलेलें. तें एकदां उडालें कीं पुन्हां भरण्याची सोय नसे. उलट, १८७३ च्या विंचेस्टरच्या काडतुसास मध्यभागीं टोपी असे. ती बदलून दारू व गोळी घातली कीं काम झालें. पुढें कारखान्यांनीं जुनें काडतूस करणें सोडलें. आज संग्राहक मोठें मोल देऊन हेन्रीची रायफल आणतो; पण तिला काडतूस सहसा मिळत नाहीं. तिची धाकटी बहीण मात्र अजूनहि बोलते.