शहाण्यांचें नृत्यसंगीत

आमच्याकडे बसंत आणि बहार यांचा जोडराग गाणाऱ्या गवयास कोणी ढोंगी म्हणत नाहीं. दोन रागांचा सांधा कोठें बसला आणि कोठें निसटला, एवढेंच जाणते श्रोते पाहतात व त्याप्रमाणें मान डोलावतात किंवा डोलावीत नाहींत. असें असतां, पाश्चात्त्य देशांत प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत व हिप-हॉप हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळूं लागले, तेव्हां तेथील शौकिनांत जो वाद पेटला त्यांत सांध्याची चर्चा थोडी, आणि 'हा सारा विद्वत्तेचा आव आहे' हा आरोपच फार, असें कां व्हावें? ज्यांच्या घरांतील तरुण मंडळी कानांत यंत्रें घालून हेंच संगीत तासन्‌तास ऐकत बसतात, त्या वाचकांस तरी हा प्रश्न अगदींच परका वाटूं नये. आमच्या मतें या वादाचें मूळ संकरांत नाहीं. तें ऋणांत आहे. तें कसें, हें पाहण्यासाठीं थोडा इतिहास चाळणें प्राप्त आहे.

हिप-हॉपची जन्मतिथि म्हणून ११ ऑगस्ट १९७३ हा दिवस मानण्याचा प्रघात पडला आहे. त्या दिवशीं न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत तरुणांचा एक जलसा झाला, आणि जमैकांत जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल उर्फ डीजे कूल हर्क यानें तेथें तबकड्या वाजविल्या. गाण्यांतील गायन थांबून केवळ तालवाद्यांचा तुकडा उरला कीं नाचणाऱ्यांस अधिक चेव येतो, हें हर्कनें हेरलें होतें. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा लांबवीत असे. ज्या कलेचा आरंभच दुसऱ्याच्या तबकडींतील तुकडा उचलण्यांत आहे, तिला शुद्धतेचें सोंवळें नेसवूं पाहणें व्यर्थ होय.

पुढें १९८२ सालीं त्याच ब्राँक्समधील आफ्रिका बंबाटा व त्याचे सोबती सोलसॉनिक फोर्स यांचें 'प्लॅनेट रॉक' हें गीत निघालें. जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहरीं क्राफ्टवर्क नांवाची मंडळी केवळ यंत्रांवर संगीत रचीत असत. त्यांच्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' (१९७७) मधील सुरावट आणि 'नंबर्स' (१९८१) मधील ठेका या गीतांत उसना घेतलेला आहे. ठेका वाजविला तो रोलंड या जपानी कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्रानें. जर्मन सूर, जपानी यंत्र आणि ब्राँक्सची वाणी असा हा तिहेरी संकर. परंतु नाचणाऱ्यांस त्यांत कसलाही आव दिसला नाहीं. उसनवारी इतकी उघड होती कीं, ज्यानें मूळ ऐकलें होतें त्यास ती क्षणांत ओळखूं यावी.

नवलाची गोष्ट ही कीं, त्याच १९८२ सालीं आमच्या मुंबईंतही असाच एक संकर झाला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं तेंच ८०८ तालयंत्र, रोलंडचेंच टीबी-३०३ हें खर्जाचें यंत्र आणि एक सिंथेसायझर हाताशीं घेऊन 'टेन रागाज टु अ डिस्को बीट' नांवाची तबकडी काढली. यमन, ललित, भूपाळी, मालकंस यांसारखे दहा राग त्यांनीं डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. तबकडी खपली नाहीं व लवकरच विसरली गेली. तिकडे शिकागो शहरीं त्याच ३०३ यंत्राच्या कळा पिळून फ्यूचर या मंडळीनें १९८७ सालीं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढली, आणि तिच्यावरून 'अ‍ॅसिड हाउस' हा एक स्वतंत्र प्रकारच रूढ झाला. २०१० सालीं सिंग यांची तबकडी युरोपांत पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हां तेथील शौकीन चकित होऊन या प्रकाराचा खरा जनक कोण यावर हातघाईस आले. वस्तुतः शिकागोच्या मंडळीनें मुंबईची तबकडी ऐकली असेल असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. एक यंत्र दोन ठिकाणीं दोन बुद्धिमान् हातांत पडलें, एवढाच त्याचा अर्थ. सिंग २०१५ सालीं मुंबईंत वारले. त्यांनीं आपल्या कामास कोणतेंही भारदस्त नांव दिलें नव्हतें. नांव दिलें तें इतरांनीं, आणि भांडण जुंपलें तेंही त्या नांवावरूनच. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

शिकागोच्या जोडीला डेट्रॉइट शहरीं हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे व केव्हिन सॉन्डर्सन हे तीन कृष्णवर्णी तरुण यंत्रसंगीताचा आणखी एक प्रकार घडवीत होते. १९८८ सालीं त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या रचनांचा संग्रह इंग्लंडांत निघाला व 'टेक्नो' हें नांव सर्वतोमुखीं झालें. इंग्लंडच्या तरुणांस या संगीतानें वेड लावलें. उजाड गोदामांतून व मोकळ्या शेतांतून रात्ररात्र नाच चालूं लागले. आणि मग, जसें नेहमीं होतें तसें, त्या गर्दीचा कंटाळा आलेला एक वर्गही निर्माण झाला.

या वर्गासाठीं शेफील्ड येथील वॉर्प या संस्थेनें १९९२ सालीं 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' नांवाचा संग्रह काढला. नाचण्यासाठीं नव्हे, तर घरीं बसून ऐकण्यासाठीं हें संगीत आहे, अशी तिची भूमिका होती. पाकिटावरील चित्रांत एक यंत्रमानव आरामखुर्चींत रेलून बसला आहे व त्याच्याभोंवतीं जमिनीवर तबकड्यांचीं पाकिटें पसरलीं आहेत. त्यांत जर्मनीच्या क्राफ्टवर्कचें एक आणि इंग्लंडच्या पिंक फ्लॉइडचें एक, हीं सहज ओळखूं येतात. शिकागोची किंवा डेट्रॉइटची तबकडी मात्र त्या चित्रांत आमच्या नजरेस पडली नाहीं.

संग्रहांतील संगीत चांगलें होतें. कित्येक रचना आजही ताज्या वाटतात. घोटाळा झाला तो पुढें. वर्षभरांतच शौकिनांनीं या प्रकारास 'इंटेलिजन्ट डान्स म्युझिक', म्हणजे बुद्धिमंतांचें नृत्यसंगीत, असें नांव दिलें. नांव दिसावयास निरुपद्रवी, परंतु त्याचा ध्वनि काय निघाला? हें संगीत जर शहाण्यांचें, तर डेट्रॉइट व शिकागोच्या ज्या तरुणांनीं ही भाषाच घडविली, त्यांचें संगीत कोणाचें? ज्यांच्या घरचें मीठ खाल्लें त्यांनाच अडाणी ठरविण्याचा हा प्रकार झाला. खुद्द कलावंतांसही तें नांव रुचलें नाहीं. त्या संग्रहांत टोपण नांवानें झळकलेला रिचर्ड जेम्स, जो अ‍ॅफेक्स ट्विन या नांवानें विख्यात आहे, त्यानें पुढें एका मुलाखतींत हेंच बोलून दाखविलें कीं, अशा नांवानें बाकीचें सारें मूर्खपणाचें ठरतें.

त्याच संग्रहांतील ऑटेकर या जोडीची गोष्ट तर या वादांत फार उद्बोधक आहे. रॉब ब्राउन आणि शॉन बूथ हे रॉचडेल गांवचे दोघे तरुण हिप-हॉपच्या व भिंती रंगविण्याच्या नादांतूनच एकत्र आले होते. त्यांच्या रचना अत्यंत किचकट, म्हणून आव आणल्याचा आरोप त्यांच्यावर वरचेवर होत आला आहे. १९९४ सालीं ब्रिटिश सरकारनें उघड्यावरील रात्रीच्या नाचांस आळा घालणारा कायदा आणला, आणि त्यांत एकामागून एक येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांचा स्पष्ट उल्लेख केला. ऑटेकरनें त्याच वर्षीं 'अँटी' नांवाची तबकडी काढली. तिच्यांतील 'फ्लटर' या रचनेंत कोणत्याही दोन आवर्तनांचे ठोके सारखे येणार नाहींत अशी योजना होती. अर्थात् कायद्याच्या शब्दांत ती सांपडावी कशी? ती वाजवितांना एक वकील व एक संगीतज्ञ जवळ असावे, असा मिस्किल सल्लाही पाकिटावर छापला होता. येथें किचकटपणा हा डौल नव्हता. ज्या नाचघरानें आपणांस वाढविलें त्याच्या बाजूनें उभें राहण्याची ती एक रीत होती. 'फ्लटर'ला कोणी पोकळ पांडित्य म्हणेल तर तो आमच्या मतें ऐकण्यांत चुकला.

आव कोणता व कला कोणती, याची चर्चा १९९५ सालीं एका गमतीच्या प्रसंगानें रंगली. बी.बी.सी.नें जर्मनीचे ज्येष्ठ संगीतकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांस जेम्सप्रभृति तरुणांच्या रचना ऐकविल्या. स्टॉकहाउझेन यांनीं जेम्सला उपदेश केला कीं, आफ्रिकी ढंगाची ती पुनरावृत्ति सोड व माझी अमुक कृति ऐक. त्यावर जेम्सनें उलट सल्ला दिला कीं, त्यांनींच माझी 'डिजेरिडू' ऐकावी, म्हणजे ज्यावर नाचतां येत नाहीं अशा आकृति रचणें ते सोडतील. उत्तर उद्धट खरें. परंतु त्यांत तत्त्व आहे. पुनरावृत्ति हें अज्ञानाचें लक्षण नव्हे. जेथें आवर्तनाआवर्तनांतून समेवर येण्यांत आनंद मानतात, त्या आपल्या देशांतील श्रोत्यांस तरी हें पटवून देण्याची गरज नसावी.

हिप-हॉपच्या बाजूनेंही हाच वाद उलट अंगानें चालला. कॅलिफोर्नियाचा जॉश डेव्हिस उर्फ डीजे शॅडो यानें १९९६ सालीं 'एन्ड्ट्रोड्यूसिंग' ही कृति काढली. जुन्या तबकड्यांतील तुकडे सॅम्पलर यंत्रांत सांठवून ते नव्या क्रमानें गुंफणें, हाच तिचा देह. शब्द म्हणणारा कोणी नायक नाहीं. हें हिप-हॉप होय कीं नव्हे? त्याच्या आधींच, १९९४ सालीं, 'मिक्समॅग' या इंग्रजी मासिकानें त्याच्या एका रचनेस 'ट्रिप-हॉप' असें नवें बिरुद लावलें होतें. त्यानंतर २००१ सालीं क्लाउडडेड या त्रयीची अस्पष्ट, स्वप्नवत्, पुटपुटल्यासारखी कृति आली, तेव्हां तर महाविद्यालयीन गोऱ्या मुलांनीं ब्राँक्सच्या कलेचें अवडंबर माजविलें, अशी ओरड झाली.

या ओरडीमागें खरें दुखणें होतें. अमेरिकेंत कृष्णवर्णीयांनीं संगीत निर्मावें आणि नांव व द्रव्य इतरांनीं न्यावें, हें पूर्वी अनेकदां घडलें आहे. तेव्हां पुन्हा तेंच होईल कीं काय ही भीति निराधार नव्हती. परंतु या आरोपालाही एक विषारी कांटा आहे. प्रयोग हा जर गोऱ्यांचाच डौल, तर कृष्णवर्णी कलावंतानें साधेंच राहिलें पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. 'बुद्धिमंतांचें' हें नांव आणि 'अवडंबर' हा आरोप, दोन्ही शेवटीं त्याच माणसास एकाच कोंडवाड्यांत ढकलतात.

त्यास उत्तर कलावंतांनींच दिलें. न्यूयॉर्कच्या अँटीपॉप कन्सॉर्टियम या कृष्णवर्णी मंडळीनें २००२ सालीं 'अ‍ॅरिदमिया' ही कृति काढली. तिचे ठेके वांकडेतिकडे, शब्द दुर्बोध, आणि प्रकाशक शेफील्डचीच ती वॉर्प. पुढें त्याच संस्थेनें २०१० सालीं लॉस एंजेलिसच्या फ्लाइंग लोटस याची 'कॉस्मोग्रामा' प्रसिद्ध केली. हा अ‍ॅलिस कोल्ट्रेन या थोर जॅझ कलावतीच्या बहिणीचा नातू; हिप-हॉप, यंत्रसंगीत व जॅझ हीं त्याच्या कृतींत एकाच घरच्या माणसांसारखीं वावरतात. उसनें गेलेलें धन अशा रीतीनें व्याजासह मूळ घराण्यांत परत आलें.

मग आव ओळखावा कसा? शॅडोच्या पाकिटावरील छायाचित्र आम्हांस येथें आठवतें. सॅक्रामेन्टो येथील जुन्या तबकड्यांच्या दुकानांत माणसें उभ्यानें तबकड्या धुंडाळीत आहेत. ज्या दारांतून सारें घेतलें, तेंच दार कलावंतानें दर्शनी लावलें आहे. ऋण कबूल केल्यानें वाईट कृति चांगली होते, असें आम्ही म्हणत नाहीं. शॅडोचें अनुकरण करणाऱ्या शेंकडों नीरस तबकड्या त्याची साक्ष देतील. परंतु ऋण नाकारणारी कृति, किंवा तिच्या वतीनें तें नाकारणारे तिचे भक्त, हे मात्र आव आणीत असतात यांत आम्हांस संशय वाटत नाहीं. संकर करणाऱ्यास 'तूं मिसळलेंस कां?' असें विचारण्यांत हंशील नाहीं. 'तूं कोणाकडून घेतलेंस, आणि आतां त्यांस काय म्हणतोस?' हा प्रश्न त्यास विचारावा, व उत्तर मिळेपर्यंत सांध्याकडे कान लावून स्वस्थ बसावें.