प्रतिप्रस्ताव (घर खरेदी-विक्री)

एका पक्षाने मांडलेला प्रस्ताव आहे तसा न स्वीकारता किंमत, मुदत किंवा अन्य अट बदलून दुसऱ्या पक्षाने मांडलेल्या नव्या प्रस्तावाला प्रतिप्रस्ताव म्हणतात. घराच्या व्यवहारात बोलीभाषेत यालाच घासाघीस म्हटले जाते. घासाघीस नित्याची असली तरी तिचा कायदेशीर परिणाम ठरलेला आहे : प्रतिप्रस्ताव दिला की मूळ प्रस्ताव संपुष्टात येतो.

कायदेशीर स्वरूप

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७ नुसार स्वीकृती पूर्ण व बिनशर्त असावी लागते. मालकाने ४५ लाख रुपये किंमत सांगितली आणि खरेदीदाराने ४२ लाख देऊ केले, तर ती स्वीकृती होत नाही. मालकाने ४२ लाखांस नकार दिल्यावर खरेदीदार ४५ लाखांस तयार झाला, तरी मालकावर घर विकण्याचे बंधन राहत नाही. इंग्लंडमधील 'हाइड विरुद्ध रेंच' (१८४०) या खटल्यात हेच तत्त्व मांडले गेले. त्यात १,००० पौंडांस देऊ केलेल्या शेतमळ्यासाठी खरेदीदाराने ९५० पौंड सांगितले. ते नाकारले गेल्यावर त्याने १,००० पौंड मान्य केले, परंतु करार झाला नसल्याचा निर्णय देण्यात आला.

निव्वळ चौकशी मात्र प्रतिप्रस्ताव ठरत नाही. 'रक्कम दोन टप्प्यांत चालेल का?' असे विचारल्याने मूळ प्रस्ताव संपत नाही. 'दोन टप्प्यांतच देईन' असे कळवल्यास तो संपतो. कलम ५ नुसार स्वीकृती रवाना होण्यापूर्वी प्रस्ताव मागेही घेता येतो.

वाटाघाटीचे विषय

किमतीखेरीज ताब्याची तारीख, गृहकर्ज मंजुरीची मुदत, थकीत कर व वीजबिल, गृहनिर्माण संस्थेचे हस्तांतरण शुल्क आणि घरासोबत राहणाऱ्या वस्तू यांवर प्रतिप्रस्ताव दिले जातात. किंमत कमी ठरली म्हणून मुद्रांक शुल्क त्याच प्रमाणात घटेलच असे नाही. ठरलेली किंमत आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार (रेडी रेकनर) येणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल, तिच्यावर ते आकारले जाते.

महाराष्ट्रातील पद्धत

किंमत ठरल्यावर इसार (विसार) देऊन पावती घेतली जाते. त्यानंतर साठेखत आणि शेवटी खरेदीखत होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार केवळ साठेखताने मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागते. इसारासह स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. विकासकाकडून नवी सदनिका घेताना, स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

व्यवहार मोडल्यास दिलेली सर्व रक्कम आपोआप बुडत नाही. 'फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास' (१९६३) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्यास १,००० रुपयांचा इसार ठेवू दिला. त्याव्यतिरिक्त घेतलेले २४,००० रुपये मात्र जप्त करू दिले नाहीत.

ग्रामीण भागातील घरे

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावात गावठाणातील घर विकताना किमतीइतकाच वारसांचा प्रश्न महत्त्वाचा असतो. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ ने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला. त्यामुळे थोरल्या भावाने मान्य केलेला प्रतिप्रस्ताव इतर भावांना व विवाहित बहिणींना त्यांच्या संमतीशिवाय सहसा बंधनकारक होत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद करआकारणीसाठी असते; ती मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. म्हणून अशा व्यवहारात अंतिम किंमत मान्य करण्यापूर्वी मिळकत पत्रिका असल्यास ती पाहणे, सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घेणे आणि प्रत्येक प्रतिप्रस्ताव तारीख व मुदतीसह लिहून देणे इष्ट ठरते. तोंडी ठरलेला आकडा वाद झाल्यास सिद्ध करणे कठीण जाते.