जुन्या तबकड्या आणि आजचे हेडफोन

अब्दुल करीम खाँ यांचं गाणं दोन काळांत मुद्रित झालं: १९०५च्या सुमारास कर्ण्यासमोर आणि १९३०च्या दशकात मायक्रोफोनसमोर. पहिल्या तबकड्यांत आवाज चिरका लागतो. "तेव्हा गायकीच तशी होती" असं कुणी म्हटलं तर लगेच मान डोलवू नका. कर्णा साधारण २०० ते २५०० हर्ट्झ एवढंच टिपायचा, खर्ज त्यात उतरतच नव्हता. १९२५ पासून विजेचं मुद्रण आलं आणि हा पट्टा ५००० हर्ट्झपर्यंत गेला.

हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून हेडफोनचा वक्र ठरवला. त्यात बास उचललेला असतो. नव्या गाण्यांना तो शोभतो. पण १९०५च्या तबकडीत उचलायला बास नाहीच, वाढते ती घरघर.

आणि श्रोते कोण? २०१४च्या चाचणीत कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीनचे. नांदेड-लातूरकडे हलगी-संबळ ऐकत वाढलेल्या कानांना किती बास हवा? विषय शोधताय ना, मग हा घ्या! हेडफोन एकच ठेवा, बास-ट्रेबलची बटणं श्रोत्याच्याच हातात द्या. फक्त आवाजाची पातळी सारखी ठेवा, नाहीतर जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं.